सामूहिक वनहक्क: दाव्यापासून वाहतूक परवान्यापर्यंत ग्रामसभेने काय करायचं

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. २००९ साली या गावाला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. पण स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर गावाबाहेर नेण्यासाठी २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मधल्या काळात हक्कपत्र गावात होतं, बांबू जंगलात होता आणि विक्री अडलेली होती.

ज्या ग्रामसभा आज दावा भरण्याच्या किंवा हक्कपत्र मिळून पुढे काय करायचं या विचारात आहेत, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. हक्कपत्र हा अर्धा रस्ता आहे. जंगल वाचतं आणि घरात पैसा येतो तो पुढच्या अर्ध्यात: कोणती वस्तू कधी, किती आणि कशी काढायची याचे नियम तीच वस्तू गोळा करणाऱ्यांनी बसून ठरवले, पाळले आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचला, तर.

आधी गाव म्हणजे कोण ते ठरवा

वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे आणि त्यांत मोठी सुधारणा सप्टेंबर २०१२ मध्ये झाली. जुन्या पुस्तिका पाहून काम करणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण गणपूर्तीपासून समितीच्या रचनेपर्यंत बरंच काही २०१२ नंतर बदललं आहे.

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं, टोले, पाडे असतात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात, जंगल वापरणाऱ्या त्या-त्या वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा भरवून ठराव घ्या. सगळ्या गावांची एकत्र सभा घेऊन एकच दावा भरला की पुढे कोणाचं जंगल कोणतं यावर भांडण ठरलेलं.

गणपूर्ती अशी: ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. २४० प्रौढांचं गाव असेल तर १२० जण आणि त्यांत ४० महिला. सह्या-अंगठे त्याच वेळी, त्याच वहीत घ्या. नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या सह्या ही दावा परत पाठवायला दिलेली आयती सबब असते. मार्च ते मे या काळात मोठी सभा लावूच नका. तेव्हा गाव पहाटे मोहाखाली आणि मग तेंदूच्या रानात असतं. जानेवारी-फेब्रुवारीतली संध्याकाळ सर्वांत चांगली. ठराव मराठीत लिहिला तरी सही घेण्याआधी तो गोंडी, माडिया, कोरकू जी बोली गावात चालते तीत मोठ्याने समजावून सांगा.

याच सभेत १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडा. तिच्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला हव्यात. अध्यक्ष व सचिव समिती स्वतः निवडते आणि ग्रामसभेकडून आलेले दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला लेखी कळवते. नावं भरायची म्हणून भरू नका. गुराखी, वैदू, मोह-चारोळी वेचणाऱ्या बाया आणि मोबाइल नीट चालवणारी दोन-तीन मुलं-मुली एवढी मंडळी असली की समिती चालते.

शीव चालून काढा

सगळ्या कामाचा पाया हा आहे आणि घाई इथेच होते. कार्यालयातून मिळालेल्या कक्ष-नकाशावर (कक्ष म्हणजे वनविभागाने पाडलेले जंगलाचे भाग) पेन फिरवून हद्द आखली की दावा लवकर तयार होतो, पण त्या रेषेत गावाची पारंपरिक हद्द क्वचितच बसते. वनविभागाचे कक्ष ओढे-डोंगर पाहून आखले गेले. गावाची शीव देवस्थान, पाणवठा, जुनी वाट, मसणवट अशा खुणांवरून जाते.

आधी गावात जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने नकाशा काढा. म्हाताऱ्या माणसांना विचारा: गुरं कुठवर जायची, कंदमुळं कुठे खणायची, मासे कुठल्या डोहात धरायचे, पूजेची जागा कोणती. प्रत्येक जागेचं स्थानिक नाव लिहा. मग प्रत्यक्ष चालायला निघा. पानगळ झाल्यावर निघालेलं बरं, कारण दाट पानांखाली मोबाइलचं स्थान भरकटतं. दोन फोनवर एकाच वेळी मार्ग नोंदवा. वळणाच्या प्रत्येक खुणेपाशी उभं राहून अचूकता पाच मीटरच्या आसपास येईपर्यंत थांबा, मग बिंदू घ्या, फोटो काढा आणि वहीत क्रमांक, खुणेचं नाव, सोबत कोण होतं हे लिहा. वही हवीच. फोन बिघडतो, हरवतो. वही तीन वर्षांनीही उपयोगी पडते.

शेजारच्या गावाची पाच माणसं सोबत घेतल्याशिवाय त्या बाजूची शीव चालू नका. आपणच चालून आलो आणि नंतर त्यांना नकाशा दाखवला, तर बरोबर रेषेवरही वाद उठतो. दोन गावं एकच जंगल वापरत असतील तर रेघ मारून ते तोडण्याचा हट्ट नको. नियमांत याची सोय आहे: दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर कसा आहे ते पाहायचं आणि निष्कर्ष लेखी आपापल्या ग्रामसभेला द्यायचा. सामाईक पट्टा सामाईक म्हणूनच लिहिता येतो. जंगल अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात आहे म्हणून दावाच करता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत ती क्षेत्रं येतात.

पुरावे आणि दाव्याची फाइल

निस्तार (घरच्या गरजेपुरतं सरपण, लाकूड, चारा घेणं), गौण वनोपज (बांबू, मोह, तेंदू अशा इमारती लाकूड सोडून इतर वस्तू), चराई, मासेमारी हे सामूहिक हक्क नमुना बी मध्ये भरतात. जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, म्हणजे कलम ३(१) मधला ‘आय’ उपखंड, नमुना सी मध्ये भरतात. दोन्ही नमुने भरा. फक्त बी भरणाऱ्या गावाला वेचायचा हक्क मिळतो, जंगलाचा कारभार मिळत नाही.

पुरावे एकाहून अधिक हवेत. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या वापराच्या आणि वहिवाटीच्या जुन्या महसुली नोंदी, हे फार भक्कम कागद आहेत. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज करून नकला मागा आणि अर्जाची पोच ठेवा. कागद मिळाला नाही तरी अडून बसू नका. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, देवराई, जुनी विहीर, घरांचे चौथरे, दफनभूमी, वैदूंच्या औषधी गोळा करण्याच्या जागा, चराईची राने, हे सगळे नियमांनी मान्य केलेले पुरावे आहेत. जबाब देणारी व्यक्ती दावेदार नसावी. त्यामुळे व्यक्तिगत दावे भरणाऱ्यांऐवजी दुसऱ्यांचे जबाब घ्या किंवा शेजारच्या गावातल्या जाणत्यांचे घ्या.

पडताळणीची तारीख वनविभागाला आणि महसूल विभागाला लेखी कळवा. अधिकाऱ्यांनी हजर राहून पंचनाम्यावर नाव, पदनाम, तारखेसह सही करायची असते. ते आले नाहीत आणि पुढे त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर जागेवरच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणूनच त्या पत्राची पोच सोन्यासारखी जपायची. उपग्रह चित्रात दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. ते चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं.

हक्कपत्र हातात पडल्यावर हार-तुऱ्यांआधी ते ओळीने वाचा. नाव ग्रामसभेचंच आहे ना? ग्रामपंचायतीचं किंवा जुन्या वन व्यवस्थापन समितीचं तर नाही? सगळे कक्ष क्रमांक आले आहेत का, क्षेत्र दाव्याएवढं आहे का, कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का? चूक असेल तर त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्ती मागा. हक्काची नोंद महसूल आणि वन अभिलेखांत तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. तिचाही पाठपुरावा करा.

व्यवस्थापन समिती आणि आराखडा

नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभा वेगळी समिती नेमते. संरक्षण, आराखडा आणि वाहतूक परवाने ही तिची कामं. तिच्या प्रत्येक निर्णयाला, परवान्यापासून उत्पन्नाच्या वापरापर्यंत, ग्रामसभेची मंजुरी लागते. ही अट लोकांना कधी कधी जाच वाटते. पण चार जणांच्या हाती परवान्याचं पुस्तक आणि चेकबुक दोन्ही गेलं की गाव फुटायला वेळ लागत नाही, हे लक्षात ठेवून ती काटेकोर पाळा.

आराखडा शंभर पानांचा नको. गावाला वाचता येईल आणि वर्षभर भिंतीवर लावता येईल असा हवा. जंगलाचे वापरावरून भाग पाडा: बांबूचा, चराईचा, सरपणाचा, देवाचा, मोकळा पडलेला. प्रत्येक भागात १० मीटर बाय १० मीटरचे काही चौकोन आखून त्यांत झाडं मोजा. त्यांच्या एका कोपऱ्यात १ मीटर बाय १ मीटरमध्ये रोपं मोजा. चौकोनांच्या कोपऱ्यांना दगड रोवा, म्हणजे तीन वर्षांनी नेमका तोच चौकोन पुन्हा मोजता येईल. मोठ्या झाडांच्या आकड्याला लोक भुलतात. खरी गोष्ट रोपं सांगतात. मोहाची दीडशे झाडं आहेत आणि एकही रोप गुडघ्याएवढं झालेलं नाही, तर ते जंगल म्हातारं होत चाललं आहे.

काही भाग पूर्ण राखून ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने आपल्या जंगलातला देवाचा भाग असाच न तोडता राखला आहे. मोकळ्या जागेत लागवड करताना मात्र सरसकट चर खोदून रोपांच्या रांगा लावण्याचा मोह टाळा. जिथे जुनी खोडं जिवंत आहेत तिथे चराई आणि आग दोन-तीन पावसाळे थांबवली तरी जंगल आपोआप फुटतं, आणि ते लावलेल्या रोपांपेक्षा जोमदार असतं.

बांबू: बेटापाशी उभं राहून शिकायची गोष्ट

बेट, म्हणजे पूर्व विदर्भातली रांजी, तोडताना नियम चुकला की पाच वर्षांची कमाई जाते. तोडणाऱ्या प्रत्येकाला आधी काठीचं वय ओळखता आलं पाहिजे. या पावसाळ्यात आलेली काठी गडद हिरवी असते, अंगावर पांढरट भुकटी आणि पेरांना चिकटलेली तपकिरी खोळ असते. दुसऱ्या वर्षी खोळ गळते, काठी हिरवी पण स्वच्छ दिसते. तिसऱ्या वर्षापासून हिरवा रंग पिवळसर होतो, अंगावर करडे डाग येतात आणि कोयत्याच्या पाठीने वाजवल्यावर टणक आवाज येतो. तोडायची ती हीच.

पहिल्या दोन वर्षांच्या काठ्यांना हात लावायचा नाही, कारण पुढचे कोंब प्रामुख्याने त्यांच्याच कंदांतून येतात. प्रत्येक बेटात किमान आठ-दहा पक्क्या काठ्या आधाराला ठेवायच्या. त्याहून लहान बेट त्या वर्षी सोडून द्यायचं. तोड जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच वर, तिरकी आणि धारदार हत्याराने. फार उंच तोडलं तर खुंट सडतात आणि बेट आतून गुंतून बसतं. पुढच्या खेपेला तोडणारा आत शिरूच शकत नाही आणि मग बाहेरच्या कोवळ्या काठ्या तोडतो. पेराच्या वर पोकळ पेला राहिला तर त्यात पाणी साचून किडा लागतो. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेने येतात, म्हणून घोड्याच्या नालेच्या आकारात वाट करून आत शिरा आणि मधल्या जुन्या काठ्या काढा. वाळलेल्या, मोडक्या काठ्या त्याच वेळी बाहेर. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर तोड बंद. खायला वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायचे तर दाट बेटातून मोजकेच काढा आणि कडेचे जोमदार कोंब राखा.

जंगलाचे तीन किंवा चार भाग करून दरवर्षी एकच भाग तोडा. त्याच भागात पुन्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षी जायचं. बाजारभाव चढला म्हणून दुसरा भाग आधी उघडण्याची मागणी होतेच. आराखड्यात हे लेखी असेल तर नाही म्हणणं सोपं जातं.

मोह, तेंदू, चारोळी, मध

मोहफूल पहाटेपासून गळतं. झाडाखालच्या पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून पाचोळा पेटवतात. जंगलातल्या वणव्यांचं हे फार मोठं कारण आहे. त्या धगीत झाडाखालची सगळी रोपं जातात आणि बुंध्याची साल भाजते. उपाय साधा आहे: हंगामाआधी पाचोळा झाडून बुंध्यापासून दूर ढीग करायचा, किंवा जुन्या साड्या वा जाळी अंथरायची. जाळीवरचं फूल मातीविना मिळतं, लवकर सुकतं आणि भाव बरा येतो. जाळ्या ग्रामसभेच्या पैशांतून घ्या. आग विझवण्याच्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडतं. फुलं तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. ओलसर पोतं बांधलं की आठवड्यात आंबूस वास सुटतो आणि व्यापारी निम्म्या भावाने मागतो. टोळी, म्हणजे मोहाचं फळ-बी, तीही सगळी वेचू नका. प्रत्येक वस्तीने काही झाडांखालचं बी सोडायचं आणि उगवलेल्या रोपांना काट्यांचं कुंपण करायचं, हा नियम करा.

तेंदूसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटली की सुमारे दीड महिन्याने चांगलं पान मिळतं. मोठ्या झाडांच्या फांद्या तोडू नका, पान फुटावं म्हणून आग लावू नका. पाचगावने फांद्या तुटतात, आग लागते म्हणून तेंदूपान काढणंच बंद केलं. झाडाला फळ धरू द्यावं, असा त्यांचा निर्णय. सगळ्या गावांना एवढं उत्पन्न सोडणं परवडणार नाही, पण जंगलाचा एक भाग आळीपाळीने पानतोडीशिवाय ठेवणं जमतं.

चारोळी आणि आवळ्याचं दुखणं वेगळं. उशीर केला तर दुसरा नेईल, या भीतीने सगळे कच्चंच ओरबाडतात आणि फांद्यासकट तोडतात. इथे ग्रामसभेने ‘उघडण्याची तारीख’ ठरवावी आणि दवंडी द्यावी. त्याआधी कोणीच जायचं नाही, शेजारच्या गावानेही नाही. त्यांच्याशी बोलून एकच तारीख ठरवा. एकट्या गावाची तारीख टिकत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचा सीताफळाचा व्यवसाय उभा राहिला तोही आधी जंगल राखलं, मग फळ विकलं, या क्रमाने.

मधासाठी आग्या मोहोळाचं सगळं पोळं कापू नका. मध असलेला भागच काढा, अंडी-अळ्यांचा भाग राहू द्या. ज्वाला नको, धूर पुरे. अंगावर जाळीचा पोशाख आणि दोर मजबूत हवा.

आग आणि गस्त

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. जानेवारीअखेर शिवेवरच्या आणि वाटांच्या कडेच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ झाल्या पाहिजेत. रुंदी किमान तीन मीटर, आणि उतारावर वरच्या बाजूला जास्त, कारण आग चढावर वेगाने धावते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर पाठवते. दोन-तीन तरुणांनी त्यासाठी नोंदणी करून ठेवावी. गस्त घरटी पाळीने लावा. पाळी चुकवणाऱ्याला दंड किती, बाहेरच्याने तोडलं तर काय, आपल्याच नातेवाइकाने तोडलं तर काय, हे आधी ठरवा. दंड सर्वांना सारखा असला तरच वसूल होतो.

विक्री, परवाना आणि हिशेब

गौण वनोपजावर ग्रामसभेला कोणतंही स्वामित्वशुल्क द्यावं लागत नाही. ग्रामसभेच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा. सहीला तीन माणसं ठेवा, त्यांत एक महिला. पैसे काढायला किमान दोन सह्या आणि ठरावाची प्रत.

महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुडक्यात ७० पानं आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडके, म्हणजे ७०,००० पानं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, रोज संध्याकाळी मोजणी झाली की तिथल्या तिथे संकलकाच्या कार्डावर आणि ग्रामसभेच्या वहीत आकडा चढवा. काही ठिकाणी शेकड्यामागे जादा पुडके मागतात. ते चालणार नाही असं करारातच लिहा. लिलावाची जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत द्या. एकट्या लहान गावाला व्यापारी दबावात घेतो, म्हणून शेजारच्या ग्रामसभांनी एकत्र लिलाव करावा. गडचिरोलीत कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली ती अशाच कामांसाठी.

करारात तीन गोष्टी सोडू नका: अनामत रक्कम आधी, मजुरी ठरलेल्या आठवड्यांत थेट खात्यावर, आणि उरलेली रक्कम गोदामातून माल उचलण्याआधी. तोंडी वायदा, पुढच्या तारखेचा चेक यांवर माल सोडलेल्या गावांचे पैसे वर्षानुवर्षं अडकतात. परवाना देणारी तुमचीच समिती आहे. बँकेत जेवढी रक्कम जमा झाली तेवढ्याच गोण्यांचा परवाना फाडा, त्यावर गाडी क्रमांक, नग, मार्ग, तारीख आणि वेळ लिहा आणि दुसरी प्रत पुस्तकातच ठेवा. दर महिन्याच्या सभेत पुस्तकातले क्रमांक आणि बँकेचा उतारा शेजारी-शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. एकही क्रमांक गहाळ असेल तर तो सापडेपर्यंत नवा परवाना देऊ नका.